मधपेट्यांच्या साठवणीतील उंदीर वेळीच कसा ओळखावा?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात मधमाश्यांना रानफुलोरा मिळतो, तर बागायती भागात कांदा-बियाणे, सूर्यफूल यांसारख्या पिकांना परागीभवनासाठी मधमाश्यांची गरज असते. फुलोरा सरला, विशेषतः पावसाळा लागला, की रिकामे मधाचे कप्पे, बांधलेली पोळी व मेणपत्रे घराच्या माळ्यावर किंवा शेतावरील छपरात ठेवली जातात. नेमक्या याच दिवसांत शेतातील बिळांत पाणी शिरते व उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळतात. अंधारी, ऊबदार आणि सहसा कोणी न हलवणारी पेटी त्यांना घरट्यास सोयीची वाटते. शिवाय पोळ्यातील मध व परागाचे अवशेष त्यांना खाद्य म्हणून मिळतात.

हे नुकसान केवळ लाकडाचे नसते. सुट्या चौकटींच्या पेटीचा मोठा लाभ असा की, मध काढल्यावर तेच पोळे माश्यांना पुन्हा देता येते. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांचा सुमारे ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो असे मानले जाते. पोळे कुरतडले गेले, म्हणजे पुढील हंगामात हा खर्च माश्यांना पुन्हा सोसावा लागतो. कांद्याचे गोंडे फुलल्यावर पेटी उघडून नुकसान पाहणाऱ्या मधपाळाच्या हाती काही उरत नाही. यास्तव साठवणीच्या जागेची दर आठ दिवसांनी तपासणी करणे आवश्यक आहे.

पोळ्याची नासाडी दिसताच ती मेणकिड्याने केली की उंदराने, हे प्रथम ठरवावे. कारण दोहोंचे उपाय भिन्न आहेत. मेणकिड्याची अळी पोळ्यातून बोगदे करीत जाते व मागे रेशमी जाळे आणि त्यात अडकलेली बारीक काळी विष्ठा सोडते. उंदराने कुरतडलेल्या पोळ्यात जाळे नसते. पोळ्याचा मोठा भाग तुटलेला, खाली मेणाचा भरड चुरा, चौकटींमध्ये गवत, कागद वा गोणपाटाच्या चिंध्यांचे घरटे आणि मुताचा उग्र दर्प ही त्याची लक्षणे होत.

लेंड्यांवरून प्राण्याची जात कळते. घरातील लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्यासारख्या, ३ ते ६ मि.मी. लांबीच्या असतात, मोठ्या घरउंदराच्या सुमारे १२ मि.मी., तर घुशीच्या त्याहून मोठ्या असतात. ताजी लेंडी मऊ व चकचकीत, जुनी कोरडी व फिकट असते. सबब प्रथम जमीन स्वच्छ झाडावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा लेंड्या दिसल्यास उंदराचा वावर चालू आहे असे निश्चित समजावे. लेंड्यांत किड्यांचे तुकडे आढळले व कस्तुरीसारखा वास आला, तर ती चिचुंद्री होय. ती कीटकभक्षक आहे, उंदीर नव्हे.

घरउंदीर चढण्यात पटाईत असल्याने जमिनीबरोबरच आढे, वासे व भिंतीचा वरचा भागही पाहावा. त्याच्या नित्याच्या वाटेवर अंगाच्या मळाचे तेलकट काळे पट्टे उमटतात. लाकडावरील ताजा कुरतडा उजळ, जुना काळपट दिसतो. शंका राहिल्यास सायंकाळी भिंतीलगत चाळलेल्या राखेचा पातळ थर द्यावा. सकाळी त्यात पुढच्या पायाची चार व मागच्या पायाची पाच बोटे तसेच शेपटीची रेघ उमटलेली दिसते. बाहेरील बिळे सायंकाळी ओल्या मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली आढळतील ती वापरातील बिळे समजावीत.

उंदीर असल्याचे निश्चित झाल्यावर भिंतीलगत त्याच्या वाटेवर सापळे लावावेत. मध व पोळी ठेवलेल्या जागेत विषारी आमिष मांडू नये. विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्या माणसांच्या जिवावर बेततात. मेलेला उंदीर व लेंड्या उघड्या हातांनी उचलू नयेत. लेंड्या झाडण्यापूर्वी त्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडावे.

लहान उंदीर सुमारे ६ मि.मी. फटीतूनही आत शिरतो, हे ध्यानी घेऊन कप्प्यांची चळत वरून व खालून पत्र्याने किंवा त्याहून बारीक छिद्रांच्या तारेच्या जाळीने बंद करावी. चळत घडवंचीवर, भिंतीपासून सुमारे ३० से.मी. दूर ठेवावी, म्हणजे चोहोबाजूंनी झाडता व पाहता येते. धान्याच्या कणग्या व जुनी पोती त्याच खोलीत ठेवू नयेत. एवढी दक्षता घेतल्यास फुलोऱ्याच्या वेळी बांधलेली पोळी माश्यांना सुस्थितीत देता येतील.