मृदंगाचा ठेका आणि श्वास

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या मोठ्या गावात संध्याकाळी हरिपाठ सुरू होण्याआधी मृदंगवाल्याकडे पाहा. मळलेल्या कणकेचा गोळा तो डाव्या पुडीवर थापतो, तेव्हा कुठे तिला खर्ज येतो. उजव्या पुडीवर शाई कायमचीच असते. मग आठ मात्रांचा भजनी ठेका सुरू होतो, टाळकरी पावली धरतात.

या सगळ्यात श्वास नकळत बांधला जातो. चरण म्हणताना तो लांबवर सोडायचा, चरण संपला की झटकन घ्यायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित मंदावते. इटलीत झालेल्या एका अभ्यासात लोकांना जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावले, तेव्हा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. हा अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. तो लहान होता, पण वारकऱ्यांच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते एकत्र असणे. एकटेपणाने खचलेला म्हातारा माणूस टाळ हाती आला की ओळीत उभा राहतो.

मात्र भजन हे औषध नव्हे. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असेल तर भजनाच्या जोडीला भस्त्रिका प्राणायामासारखे जोरकस श्वसन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका आणि चालू गोळ्या बंद करू नका.