मक्याचे कणीस : घ्यावे कसे, ठेवावे कसे, शिजवावे कसे



पावसाळा लागला की बाजारात, बसस्टँडवर, शाळेच्या फाटकाजवळ स्वीट कॉर्नचे ढीग दिसू लागतात. वडा-समोशापेक्षा मका नक्कीच चांगला. पण मागच्या पावसाळ्यात आम्हाला एक धडा मिळाला, तो आधी सांगते.

आमच्या वस्तीत वर्षावासाच्या ग्रंथवाचनानंतर मुलांना उकडलेला मका वाटायचे ठरले. बिस्किटांपेक्षा बरे म्हणून मीच ते सुचवले होते. आदल्या रात्री दाणे सोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले. सकाळी उकडले आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले. रात्री सात-आठ मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बहुतेक मुले ओआरएसवर सावरली, पण एका लहानग्याला सलाईन लावावे लागले. इतकी वर्षे वॉर्डात काम करूनही मी विचारले नव्हते, की हे दाणे सोलले कधी आणि उकडले कधी? मक्याचा दोष नव्हता, आमची पद्धत चुकली होती.

गोडी येते कुठून?

स्वीट कॉर्न हा मक्याचाच एक प्रकार आहे. त्यात साखरेचे इंजेक्शन देतात, ही अफवा आहे. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचे पिठूळ पदार्थात, म्हणजे स्टार्चमध्ये, लवकर रूपांतर होते. स्वीट कॉर्नच्या वाणात मुळातच हे रूपांतर कमी होते, म्हणून दाणा गोड राहतो. कणसाला केस फुटल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, दाण्यात दूध असतानाच ते तोडतात.

कणीस तोडले तरी त्याचे आतले काम थांबत नाही. स्वीट कॉर्नच्या जुन्या वाणांत ३० अंश तापमानाला एका दिवसात निम्म्याहून जास्त, सुमारे ६० टक्के, साखर कमी होऊ शकते. शून्य अंशाला ती जेमतेम ६ टक्के कमी होते. आजच्या जास्त गोड वाणांत हा वेग कमी आहे, पण नियम तोच. तोडणीपासून ताटापर्यंत जितका कमी वेळ आणि जितका गारवा, तितके कणीस चांगले.

घेताना काय पाहावे?

कणीस पानांसकट घ्या. वरची पाने हिरवी, ओलसर आणि दाण्यांना घट्ट चिकटलेली असावीत. टोकाचे केस तपकिरी असले तर चालतात, पण ते काळे, चिकट किंवा कुबट वासाचे नसावेत. देठाची कापलेली बाजू ओलसर दिसली तर माल ताजा. ती वाळून तपकिरी झाली असेल तर माल दोन-तीन दिवसांचा समजा.

दाणे भरले आहेत का, हे पानावरूनच बोटांनी चाचपून कळते. प्रत्येक कणीस सोलून पाहू नका. सोललेले कणीस लवकर सुकते आणि नुकसान त्या गाडीवाल्या ताईचे होते. शंका असेल तर एकच कणीस थोडे उघडून दाण्याला नख लावा. दुधासारखा रस आला तर दाणा योग्य. पाणी आले तर कोवळा, काहीच आले नाही तर जून. टोकाला एखादी अळी निघाली तर घाबरू नका. तेवढे टोक कापून टाका, बाकीचे कणीस खाण्याजोगे असते.

बाजारात सोललेले दाणे पिशवीत मिळतात. पिशवीला आतून घाम आला असेल, दाणे बुळबुळीत किंवा आंबूस वासाचे असतील तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. दाणा कापला की त्याचा गोड रस बाहेर येतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर जंतू झपाट्याने वाढतात.

ठेवावे कसे?

घरी फ्रीज नसेल तर ज्या दिवशी आणले त्याच दिवशी खा. तोपर्यंत पाने न काढता, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळच्या गार जागी ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका.

फ्रीज असेल तर पानांसकट पिशवीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. जास्त दिवस टिकवायचे असेल तर सोललेले दाणे उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे टाका, लगेच गार पाण्यात घाला, नीट निथळा आणि डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे या साठ्याच्या भरवशावर राहू नका. वितळलेले दाणे पुन्हा गोठवू नका.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शिजवलेला मका दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. पुन्हा उकळला की झाले, असे अनेकांना वाटते. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेले विष उकळूनही जात नाही.

शिजवावे कसे?

स्वीट कॉर्नला फार शिजवावे लागत नाही. उकळत्या पाण्यात अख्खे कणीस पाच ते सात मिनिटे पुरे. कुकरमध्ये एक शिटी बस्स. देशी मक्याला तीन-चार शिट्या लागतात, त्या सवयीने आपण स्वीट कॉर्नचाही गाळ करतो. जास्त उकळले की दाणा चामट होतो आणि क जीवनसत्त्व पाण्यात निघून जाते. ते पाणी फेकू नका, आमटीत वापरा.

निखाऱ्यावर भाजलेले कणीस उत्तमच. फक्त काळे कोळसलेले दाणे काढून टाका. गाडीवर तेच अर्धे लिंबू दिवसभर सगळ्या कणसांवर फिरत असते. शक्यतो लिंबू-मीठ घरचे लावा. रक्तदाब असलेल्यांनी मीठ टाळून लिंबू, मिरपूड, जिरेपूड वापरावी. कपात मिळणाऱ्या बटर-मसाला कॉर्नमध्ये मक्यापेक्षा बटर आणि मीठच जास्त बोलते.

मक्यातून काय मिळते, काय मिळत नाही?

१०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १९ ग्रॅम कर्बोदके, ३ ग्रॅम प्रथिने आणि अडीच ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. फोलेटही मिळते. लोह मात्र अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फारच कमी. "मका खा, रक्त वाढेल" असे गरोदर मुलींना सांगितले जाते, ते खरे नाही. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये आणि खात असाल तर मांस-मासे हवेत. मक्याच्या प्रथिनातही काही आवश्यक घटक कमी असतात, ते डाळी-कडधान्यांतून भरून निघतात. म्हणून उकडलेल्या दाण्यांत मोड आलेली मटकी किंवा उकडलेले हरभरे, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घाला. वाटीभर खाल्ले तरी पोट भरते.

मधुमेह असलेल्यांनी मका भाजी समजू नये, ते धान्य आहे. मध्यम कणसातून साधारण एका चपातीइतकी कर्बोदके जातात. कणीस खाल्ले तर त्या जेवणात एक चपाती कमी करा.

चार वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नका. गुळगुळीत दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. दाणे वाटून किंवा कुस्करून द्या, आणि मूल खाताना पळत-हसत नाही हे पाहा. मुलाच्या शौचात अख्खे दाणे दिसले म्हणून घाबरून दवाखान्यात येणाऱ्या आया मी कितीतरी पाहिल्या. दाण्याची साल पचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना चावून खायला शिकवा.

जुलाब सुरू झालेच तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळून थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

यंदा आम्ही पुन्हा मकाच ठेवला. फक्त कणसे पानांसकट सकाळी आणली आणि सोलली नाहीत. वाचन संपत आले तेव्हा अंगणात चूल पेटवली. सोलणाऱ्या आणि वाटणाऱ्या सगळ्यांनी साबणाने हात धुतले. मुलांच्या हातात वाफाळती कणसे पडली आणि पातेल्यात काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी मी घरोघरी जाऊन विचारले. कोणालाही त्रास झाला नव्हता.