झिंग फुलात नव्हतीच

पेण-रोह्याच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. रात्री वटवाघळं त्यावर ताव मारतात; पहाटे सडा पडला की वानरं, गुरं आणि टोपल्या घेतलेल्या कातकरी-ठाकर बाया येतात. मोह खाऊन जनावरं झिंगतात, असं आपण ऐकत आलोय. पण ताज्या फुलात असते ती साखर. सुकलेल्या फुलात तर निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच. तिचं मद्य व्हायला पाणी, यीस्ट आणि काही दिवस लागतात. दारू व्हायला पुढे भट्टी. वटवाघळाला झिंगणं परवडणारंही नाही. इजिप्तच्या फळवाघळांवर प्रयोग झाले, तेव्हा अन्नात मद्यार्क एका टक्क्यावर गेला की त्यांनी खाणं आवरतं घेतलं. ओडिशातल्या केओंझरला 2022 मध्ये 24 हत्ती गाढ झोपलेले सापडल्याची बातमी गाजली; तिथेही गावकऱ्यांनी दारूसाठी मोह भिजत घातलेली मडकी शेजारी फुटलेली होती.

एकोणिसाव्या शतकात मद्यपानाचा वाद पेटला, तेव्हा जनावरांना वारंवार साक्षीला बोलावलं गेलं. डार्विनने 1871 मध्ये एका माकडाची हकीकत दिली: एकदा ब्रँडीने झिंगल्यावर त्याने पुन्हा तिला तोंड लावलं नाही, म्हणजे बऱ्याच माणसांपेक्षा ते शहाणं ठरलं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेकडे वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिलं. त्यांना घरं उद्ध्वस्त होताना दिसत होती.

सरकारला महसूल दिसत होता. 1878 च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावरची पकड घट्ट झाली, आणि 1892 च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करणं, बाळगणं, विकणं यांवरच निर्बंध आले. पेण, रोहा तेव्हा कुलाब्यातच. उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत मोहाचीच दारू गळत होती, ती मात्र कायदेशीर! उन्हाळ्यात धान्य संपल्यावर भाजलेल्या मोहावर दिवस काढणाऱ्या कातकऱ्याच्या टोपलीतलं फूल तेवढं संशयित झालं. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. दारूने कातकरी वाड्यांचं नुकसान केलं, हे खरंच. पण त्यासाठी अन्न हिरावून घेण्याची गरज नव्हती.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध शिथिल केले. आता फुलं वाळवून, लाडू करून उघडपणे विकता येतील. त्यासाठी वाडीजवळ मोह उभे हवेत. वन विभागाने मोहाची लागवड पेण-रोह्यात, कातकऱ्यांना सोबत घेऊन सुरू करावी.