मुक्कामाचे शिक्षण

मुंबई–आग्रा महामार्गावरील चांदवड हे रेणुकामातेचे ठाणे, अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाचे गाव आणि कांद्याची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकाला मात्र ते ९ व १० नोव्हेंबर १९८६ या दोन दिवसांसाठी महत्त्वाचे वाटते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्या दोन दिवसांत येथे भरविलेल्या महिला अधिवेशनाला राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या. त्यापूर्वी ठिकठिकाणी झालेल्या शिबिरांत स्त्रियांनी आपल्या कष्टांविषयी मोकळेपणाने बोलावयास आरंभ केला होता. जोशींनी स्त्रीप्रश्नाची जी मांडणी केली ती ‘चांदवडची शिदोरी’ या नावाने पुस्तकरूपात आली. मालमत्तेवरील हक्क, दारूचा त्रास, स्थानिक स्वराज्य संस्थांतील सहभाग हे विषय घरी, चुलीपाशी किंवा बांधावर सुचत नव्हते असे नाही. पण सलगपणे विचार करावयास लागणारी उसंत घर आणि शेत या दोन्हींपासून दूर गेल्यावाचून मिळत नव्हती. घरधन्याने स्वेच्छेने जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करावा, ही ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम संघटनेने पुढे हाती घेतली, तिची मुळे याच मंथनात आहेत.

प्रौढ माणसाला काही काळ रोजच्या कामातून सोडवून, इतरांसोबत राहण्या-जेवण्याची सोय करून शिकविणे, याला निवासी प्रौढशिक्षण म्हणतात. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. परीक्षेचा बडगा नसलेल्या या शाळा शेतीची कामे मंदावलेल्या हिवाळ्यात तरुण शेतकऱ्यांसाठी आणि उन्हाळ्यात तरुणींसाठी चालत.

भारतात या दिशेचा एक मोलाचा प्रयोग दुर्गाबाई देशमुख यांनी केला. बालविवाहाचे बंधन झुगारून स्वतःच्या हिमतीने शिकलेल्या आणि मद्रासमध्ये आंध्र महिला सभा उभारणाऱ्या या बाईंच्या पुढाकाराने १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी मंडळाने १९५८ मध्ये संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. अनेक वर्षांचा शालेय अभ्यास सुमारे दोन वर्षांत पुरा करून घेणारे हे वर्ग स्वयंसेवी संस्थांमार्फत चालत, आणि शिकून बाहेर पडलेल्या स्त्रियांतून ग्रामसेविका, परिचारिका, शिक्षिका मिळाव्यात अशी अपेक्षा असे. हे मंडळ २०२२ मध्ये केंद्र शासनाने बंद केले. ज्या संस्थेने विधवेला, परित्यक्तेला आणि अल्पशिक्षित सुनेला पुन्हा पाटीपुस्तकाकडे नेले, ती मोडताना तिच्या जागी त्याच तोलाची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही, ही गंभीर हानी आहे.

निवासी संस्था बंद करण्याच्या बाजूने बहुधा खर्चाचे कारण दिले जाते. वसतिगृह, स्वयंपाकघर, रात्रपाळीचा पहारा यांपेक्षा संध्याकाळचा वर्ग किंवा भ्रमणध्वनीवरील पाठ स्वस्त पडतो, हे खरेच आहे. परंतु संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या बाईला स्वयंपाक, गोठा आणि मुले यांतून सुटका नसते, तिचा अभ्यास सर्वांत आधी खंडित होतो, आणि घरातल्या विरोधासमोर ती एकटी पडते. निवासात तिच्याच अडचणीच्या दहाजणी भेटतात. रात्री जेवणानंतर होणारे बोलणे हाही अभ्यासच असतो, मात्र तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच अशा संस्थेचे वसतिगृह काढून वर्ग तेवढे ठेवण्याच्या तडजोडीलाही विरोध केला पाहिजे.

चांदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ कांदा काढून चाळीत भरल्यावर पेरणीपर्यंत जे आठवडे मोकळे मिळतात, त्यांत अठरा वर्षांवरील स्त्रियांसाठी मुक्कामाचे वर्ग चालविता येतील. लहान मुलांसाठी पाळणाघर आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाई एवढी तरतूद मात्र शासनाने आरंभीच करावयास हवी, कारण तिच्यावाचून भूमिहीन घरातली बाई त्या वर्गापर्यंत पोहोचणार नाही.