उसाच्या फडात सशाचं पिल्लू दिसलं तर…

ऊसतोडीत, गवत कापताना सशाची पिल्लं सापडतात. एकटं दिसलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं.

● आई कुठे असते? रानससा बिळात राहत नाही. पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात आणि गवतात निपचित बसून राहतात. शत्रूला माग लागू नये म्हणून आई दूर थांबते. दिवसाकाठी एखाद-दोनदाच, बहुधा अंधार पडल्यावर, पाजायला येते.

● धडधाकट असेल तर उचलू नका. कोयता किंवा यंत्र जवळ आलं असेल तर शेजारच्याच बांधावरच्या गवतात सरकवा. कुत्री आवरा, माणसं हटवा.

● मदत कधी हवी? जखम, कुत्र्या-मांजराचा चावा, गार पडलेलं अंग किंवा जवळच मेलेली आई दिसली तर. चावा छोटा असला तरी उपचार लागतातच.

● मदत येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड अंथरून, उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवा. सतत हाताळू नका. भीतीनेही पिल्लू दगावतं.

● गाईचं दूध नको. सशाच्या आईचं दूध त्याहून कितीतरी स्निग्ध असतं. गाईच्या दुधाने हगवण लागते. जबरदस्तीने पाजलेलं दूध फुप्फुसात जातं.

● पाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार रानससा संरक्षित आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.