टेलिफोनच्या धंद्यांतील चढाओढ

आपण एका कंपनीच्या टेलिफोनवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशीं बोलतों आणि ह्यांत कांहीं विशेष आहे असें आपणांस वाटतही नाहीं. पण कोणता व्यापारी प्रतिस्पर्ध्याचा माल आपल्या गाडींतून वाहून नेतो? टेलिफोन कंपन्या मात्र हेंच काम अहोरात्र करीत असतात. तें त्यांनीं आपण होऊन पत्करलेलें नाहीं. त्यांना तें करावयास लावण्यांत आलें. ह्याची बोधप्रद हकीकत अमेरिकेंत घडली. निर्बंध उठविले म्हणजे चढाओढ आपोआप सुरू होते काय, ह्या प्रश्नाचें उत्तर तींत सांपडतें.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. १८९३ व १८९४ सालीं मुख्य पेटंटांची मुदत संपली आणि गांवोगांवीं स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या. दर उतरले; बेल कंपनी जेथें फिरकली नव्हती अशा खेड्यांतही तारा पोंचल्या. १९०७ च्या सुमारास देशांतले जवळजवळ निम्मे टेलिफोन ह्या स्वतंत्र कंपन्यांचे होते. चढाओढ खरी होती, पण बेल कंपनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांच्या तारांस जोडूं देत नसे. त्यामुळें ज्या शहरांत दोन कंपन्या असत, तेथें एखाद्या दुकानदाराला सर्व गिऱ्हाइकांशीं बोलावयाचें तर दोन यंत्रें ठेवावीं लागत व दोन वर्गण्या भराव्या लागत.

ह्याचें कारण टेलिफोनच्या स्वभावांतच आहे. शेजाऱ्याकडे शिवणाचें यंत्र नसलें तरी आपलें शिवण अडत नाहीं. पण साऱ्या गांवांत आपल्या एकट्याकडेच टेलिफोन असेल, तर त्याचा उपयोग काय? ज्या कंपनीच्या तारांवर माणसें अधिक, तिच्याकडेच नवा ग्राहक जाणार. म्हणजे जोडणीची सक्ती नसेल, तर मोठी कंपनी अधिक मोठी होणार आणि लहान कंपनी कितीही स्वस्त असली तरी मागें पडणार.

बेल संघाचे अध्यक्ष थिओडोर वेल यांचें म्हणणें असें कीं, साऱ्या देशांत एकच जाळें असावें व त्यानें सर्वांना सेवा द्यावी. सरकारी खटल्याचें सावट पडल्यावर १९१३ सालीं कंपनीनें आपल्या दूर पल्ल्याच्या तारा स्वतंत्र कंपन्यांना खुल्या करण्याचें कबूल केलें. तरीही पुढें एकाच संघाचें वर्चस्व सर्वमान्य झालें. १९३४ सालीं त्यावर देखरेखीसाठीं संघीय मंडळ स्थापन झालें. ही व्यवस्था सर्वस्वीं वाईट होती असें म्हणतां येणार नाहीं. दूरच्या बोलण्यावर अधिक आकार घेऊन घरगुती टेलिफोनची वर्गणी कमी ठेवली जाई. ह्याच संघाच्या प्रयोगशाळेंत १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला.

परंतु जेथें दुसरा दुकानदारच नाहीं, तेथें गिऱ्हाइकाचें कोण ऐकणार? कंपनीच्या यंत्राला बाहेरची कोणतीही वस्तु जोडावयाची नाहीं असा दंडक होता. बोलणें शेजारच्याला ऐकूं जाऊं नये म्हणून तोंडाशीं बसवावयाच्या एका साध्या वाटीवरही बंदी होती; १९५६ सालीं न्यायालयानें कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. १९६८ सालीं टेक्सासमधील थॉमस कार्टर यांचें, बिनतारी संच टेलिफोनशीं जुळविणारें उपकरण मंडळानें मान्य केलें. पुढल्याच वर्षीं एम. सी. आय. ह्या नव्या कंपनीस सेंट लुई ते शिकागो असा सूक्ष्मलहरींचा मार्ग उभारण्याची परवानगी मिळाली.

दार तर उघडलें. पण बोलणें शिकागो शहरापर्यंत नेलें, तरी तेथून घराच्या उंबरठ्यापर्यंतची तार बेल कंपनीचीच! प्रतिस्पर्ध्याच्या अंगणांतूनच वाट मागावयाची, असा हा प्रकार होता. नव्या कंपनीच्या ग्राहकास पुष्कळ जादा आंकडे फिरवावे लागत. अखेर १९७४ सालीं अमेरिकन सरकारनें खटला भरला, १९८२ सालीं तडजोड झाली, आणि १ जानेवारी १९८४ रोजीं तो अवाढव्य संघ विभागला गेला. घरापर्यंतच्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. दूर पल्ल्याचा धंदा मूळ कंपनीकडे राहिला. न्यायमूर्ति हॅरल्ड ग्रीन यांच्या देखरेखीखालीं, दूर पल्ल्याच्या सर्व कंपन्यांना सारखीच जोडणी देण्याचें बंधन प्रादेशिक कंपन्यांवर आलें. दूरच्या बोलण्याचे दर झपाट्यानें उतरले. घरची वर्गणी मात्र वाढली, कारण तिचा जुना आधार गेला होता.

पुढें १९९६ च्या कायद्यानें ह्या क्षेत्रांतल्या बहुतेक भिंती पाडल्या व सर्वांना सर्वत्र शिरण्याची मोकळीक दिली. पण सर्वांना मोकळीक म्हणजे बलवानालाही मोकळीक. २००६ साल संपेपर्यंत सात प्रादेशिक कंपन्यांच्या विलीनीकरणानें तीन झाल्या. त्यांपैकीं एकीनें मूळ ए. टी. अँड टी. विकत घेऊन तिचेंच नांव धारण केलें, दुसरीनें एम. सी. आय. विकत घेतली.

आपल्या देशांतही हा प्रश्न परका नाहीं. १९९७ सालीं येथें दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्यें हरियाणांत व जानेवारी २०११ मध्यें देशभर सुरू झाली. त्या सुमारास एकेका परिमंडळांत दहाहून अधिक कंपन्या झुंजत होत्या; आज देशभर पसरलेल्या तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम एवढ्याच उरल्या आहेत. दर अतिशय उतरले, ही गोष्ट खरीच. पण ज्या झुंजीमुळें ते उतरले, तींतच अनेक कंपन्या नामशेष झाल्या.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी द्यावें लागतें. टेलिफोनच्या धंद्यांत चढाओढ ही कायद्यानें घडवावी लागते, आणि घडविल्यानंतर राखावी लागते. जोडणी नाकारतां येऊं नये आणि ग्राहकाला आपल्या नंबरासह निघून जातां यावें, एवढीं दोन बंधनें शाबूत आहेत तोंपर्यंत लहान कंपनीला जागा व ग्राहकाला मान राहील. दर स्वस्त झाल्याचा आनंद जरूर मानावा. पण ह्या दोन बंधनांवर देखरेख ठेवणारा पंच किती जागा आहे, ह्याचीही चौकशी आपण अधूनमधून करीत असावें.