खारफुटीतला जिताडा
शिवनेत मरळ धरणाऱ्या लासूर स्टेशनच्या गळवाल्यांनो, कोकणात गेलात तर जिताड्यावर गळ टाकाच! आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटी लागली की खारफुटीतलं पाणी लहान ओहळांतून खाडीत उतरतं, सोबत कोळंबी आणि बारीक मासळी. जिताडा ओहळाच्या तोंडाशीच दबा धरून असतो. पिसांची नकली माशी मुळांच्या अगदी कडेला टाका, दोन झटके द्या, क्षणभर थांबा. ओढ बहुतेकदा तेव्हाच लागते. मासा मुळांत शिरला तर दोरा गेलाच! कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी कापते, तिथे बोट घालू नका. गंमत म्हणजे जिताडे आधी नर असतात, मोठेपणी बहुतेक माद्या होतात. म्हणून मोठा मासा सोडून द्यावा, असं माझं मत. (कालवण हुकतं, तेही खरंच.)